भाऊबंदाला ऐकू जावी अशी गाडी

गाडी घेताना लोक तिचा रंग बघतात, ती किती धावली ते विचारतात, जाणकार असले तर बॉनेट उघडून आत वाकतात. आमच्या घरातली पहिली गाडी मी आवाजावर घेतली. माझी अट एकच होती. गाडी सुरू केली की माझ्या चुलत दिराच्या घरात, शक्यतो ते जेवायला बसलेले असताना, तिचा आवाज गेला पाहिजे. ही अट मी तेव्हा कुणाला बोलून दाखवली नाही, पण तिची मला तेव्हाही लाज वाटली नव्हती आणि आताही वाटत नाही.

आमची वस्ती राहात्याकडून श्रीरामपूरच्या बाजूला जाताना लागते. काळी जमीन, पाटाचं पाणी, पेरूची बाग आणि गोठ्यात संकरित गायी. वस्तीवरून डांबरी रस्त्याला जायची गाडीवाट दिरांच्या रानातून, त्यांच्या घरावरून जायची. माझे सासरे आणि दिरांचे वडील सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी ती वाट सामाईक ठेवली, पण कागदावर आणली नाही. भावाभावांत कागद कशाला, असं त्यांना वाटलं असेल. दोघेही गेले, आणि त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात दिरांनी आपल्या घरापासून आमच्या बांधापर्यंतचा वाटेचा तुकडा ट्रॅक्टर घालून नांगरला आणि त्यात कपाशी लावली. आमच्या ह्यांनी सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्या माणसाला मत दिलं नव्हतं, एवढंच कारण. वर पुन्हा गावात सांगायचे, पायी जायला कुठं कोण नको म्हणतंय.

पायी जाण्यात काय होतं ते गायी असलेल्या माणसाला विचारा. सकाळचं दूध संकलन केंद्राची गाडी निघायच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर ते घरी आणून ओता. आणि त्यांच्या कपाशीतून, त्यांच्या दारावरून रोज कॅन न्यायचे म्हणजे रोज त्यांचे उपकार. आम्हाला उरला ओढा. ओढ्यापलीकडे आमचाच एक लांबट पट्टा होता, दिरांच्या बांधाला लागून, तो थेट डांबरीला भिडायचा. तिथून जायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण ओढ्याला पाटाच्या पाझराचं पाणी बाराही महिने, आणि पट्ट्याची माती अशी की पावसात चप्पल आत राहून पाय तेवढा बाहेर येतो. मुरूम टाकून बघितला, एका पावसात मातीने तो गिळला. मग आम्ही दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन पाण्यातून जायला लागलो.

एका सकाळी मी अशीच गुडघ्यापर्यंत भिजलेली केंद्रावर पोचले. रांगेत दीर होते. माझ्या ओल्या लुगड्याकडे बघून ते सगळ्यांच्या समोर म्हणाले, "पान्यातनं आनलं की दूध वाढतं म्हनं. व्हय वहिनी?"

सगळे हसले. यंत्रावर दुधाची फॅट लावणारा माणूसही हसला, आणि त्या दिवसापासून आमच्या दुधाची फॅट दोनदा लावायला लागला. आमच्या दुधात पाण्याचा थेंब कधी गेला नव्हता. सासूबाई तर धार काढायच्या आधी भांडं धुऊन पालथं घालून कोरडं करायच्या. रस्ता नेला ते मी एखाद वेळेस विसरले असते, पण हे वाक्य विसरणं शक्य नव्हतं. मी त्या दिवशी डूख धरला.

आमचे हे शांत माणूस. ह्यांचा राग म्हणजे पावसाळ्यातली काडेपेटी, कितीही घासा, पेटायची नाही. ह्यांनी तालुक्याला रस्त्याचा दावा लावला, तारखेला पांढरे कपडे घालून जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. होईल, म्हणायचे. मला होईल नको होतं. मला दिरांच्या नाकावर टिच्चून दूध डांबरीवर न्यायचं होतं, तेही कोरड्या पायांनी, आणि ते त्यांना दिसायला हवं होतं.

त्या साली पेरूने हात दिला. गाडी घ्यायचं ठरलं. साधी गाडी ओढ्यातून निघाली नसती, मागची चाकं नुसती फिरत राहिली असती. चारही चाकं ओढणारी हवी होती. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं, अशा लहान गाड्या आमच्या भागात दोनच तऱ्हेच्या मिळायच्या. एक डिझेलची जीप, जड, थोराड, गावोगावी वडापला, माणसं कोंबून चालणाऱ्या जीपची बहीण. दुसरी पेट्रोलची, हलकी, कापडी टपाची, जी पोलिसांचे साहेब आणि नगरच्या छावणीतले फौजी अधिकारी वापरायचे. आमच्याकडे पेट्रोलची गाडी म्हणजे साहेबाची गाडी, शेतकऱ्याची ती डिझेलची, असं सगळेच धरून चालायचे.

ह्यांना पेट्रोलची हवी होती, याचंच मला नवल वाटलं. ह्यांनी नगरच्या छावणीशेजारी भिंगारला एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याची गाडी विकायला आहे अशी बातमी काढली होती. ह्यांचं म्हणणं एवढंच की आपला पट्टा हलकं माणूस सोसतो, जड सोसत नाही, बैलगाडीसुद्धा तिथे अर्धी भरूनच नेतात. मी ते कानावरून जाऊ दिलं. माझ्याकडे डिझेलच्या बाजूने सांगायला खूप होतं. विहिरीवरच्या इंजिनासाठी डिझेलचं बॅरल घरातच असायचं, पेट्रोलसाठी राहात्याला जावं लागलं असतं. डिझेलचं इंजिन गावातला कुणीही खोलू शकतो. आणि पाणी. श्रीरामपूरला ज्या मिस्त्रीकडे आम्ही चौकशीला गेलो, त्याचा धंदाच जुन्या जीपना डिझेल इंजिनं बसवायचा, त्यामुळे तो पेट्रोलचं भलं बोलणं शक्यच नव्हतं. त्याने सांगितलं की पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, ती वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाण्याचा शिंतोडा गेला की गाडी ओढ्याच्या मधोमध बसते, मग तिथेच कपडे धुवायला घ्या. डिझेलला ठिणगीच नाही, मग पाण्याला भ्यायचं कशाला. ही गोष्ट खरी होती. खोटं तो काहीच बोलला नाही. ओढ्याचा विचार केला तर डिझेलच बरोबर होतं, आणि मिस्त्रीने चिखलाचं काही विचारलंच नव्हतं.

मग त्याने एका जीपचं इंजिन चालू केलं. शेडचे पत्रे थरथरले. रस्त्याच्या पलीकडे हॉटेलात चहा पिणाऱ्या माणसांनी माना वळवून बघितलं. ह्यांनी कपाळाला आठी घातली. मी विचारलं, हिचा आवाज मोकळ्या रानात किती लांब जाईल. मिस्त्रीला वाटलं मी तक्रार करते आहे, तो म्हणाला सायलेन्सर बदलून देतो. मी म्हटलं, हात लावू नका, आहे तसाच राहू द्या.

तो उन्हाळा मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी मीच शिकले. ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला की मी शेजारी बसून तोंड चालवायचे, म्हणून त्यांनी ती माझ्यावर सोडली. ओढ्यात उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं, पट्ट्याची माती वाळून दगड झालेली. सकाळी दुधाचे कॅन मागे घालून मी निघायचे आणि बांधाच्या कडेने जाताना, जिथून दिरांचं घर समोर दिसतं, तिथे क्लच दाबून उगाच इंजिन रेस करायचे. दुपारी जेवणाच्या वेळेला काही काम नसताना एक फेरी मारायचे. दिरांची गाय त्या आवाजाने दावं ओढायला लागली, असं जाऊबाई केंद्रावर कुणाला तरी सांगत होत्या. ते ऐकून मी गाडीला पेंड चारली असती. दीर एकदा ताटावरून उठून, उष्टा हात तसाच धरून अंगणात आले आणि दुसरा हात कमरेवर ठेवून बघत उभे राहिले. मी हॉर्नही वाजवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती दुसऱ्याची जाताना बघायला किती बरं वाटतं, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

जूनच्या शेवटी दोन दिवस चांगला पडून उघडला. सकाळी मी निघाले. ओढ्यात पाणी बॉनेटच्या खालच्या कडेला लागत होतं, पण गाडी घुरघुरत आरामात पार झाली, मिस्त्रीचा शब्द खरा ठरला. मी मनात त्याला नारळ फोडला. पुढे पट्ट्यात शिरले आणि निम्म्यावर जाते तोच गाडीने नाक खाली घातलं. पुढच्या बाजूला डिझेल इंजिनाचं ते लोखंडी धूड, सगळा भार त्याच चाकांवर. चारही चाकं फिरत होती, आणि चारही चाकं खड्डा खणत होती. मी जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी गाडी खोल गेली आणि तितकी मोठ्याने ओरडली. तो आवाज मी निवडून घेतला होता, तो सगळ्या शिवारात गेला. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. दीर आले ते सगळ्यांच्या नंतर, सावकाश, ट्रॅक्टर घेऊन, साखळी आधीच मागे लावलेली.

स्वतः चिखलात उतरले, साखळी अडकवली, गाडी ओढून डांबरीला लावून दिली. माझे कॅनही उचलून नीट ठेवले. मला वाटलं संपलं. तर म्हणाले, "चा घेतल्याबिगर जायचं न्हाई, वहिनी. घरचीच मानसं हाव आपन."

सगळे बघत होते. नाही म्हटलं असतं तर उपकार घेऊन उलटली असं झालं असतं. मी त्यांच्या ओट्यावर बसले. त्यांची थोरली मुलगी कपबशी घेऊन आली. दहावी झालेली, अंगाने बारीक, मान खाली. माझ्या हाताला चिखल होता म्हणून तिने तांब्यातून पाणी घातलं आणि टॉवेल दिला. मी तो चहा प्यायले. भाऊबंदांत काठ्या चालल्या, डोकी फुटली, तरी लोक विसरतात, पाच-दहा वर्षांनी एका मांडवात जेवतात. पण उपकार विसरत नाहीत, कारण करणारा विसरू देत नाही. दिरांनी ती गोष्ट केंद्रावर, बाजारात, सोसायटीत, जिथे माणूस भेटेल तिथे सांगितली. आमी हाव म्हनून वहिनीची गाडी हाय, हे वाक्य माझ्या कानावर इतक्या तोंडांतून आलं की शेवटी ते मला स्वप्नात ऐकू यायला लागलं.

हे एका शब्दाने बोलले नाहीत. मी तुला सांगितलं होतं, असंही नाही. त्याचाही मला राग आला. दिवाळीपर्यंत मी ती जीप अंगणात झाकून ठेवली आणि मग एका दिवशी सकाळी ह्यांना म्हटलं, ती भिंगारची पेट्रोलची गाडी अजून आहे का बघा.

ती गेली होती, पण त्याच अधिकाऱ्याच्या ओळखीच्या दुसऱ्याची निघाली. हा गृहस्थही फौजेतलाच, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. मी गाडीच्या मागच्या बाजूला हात लावून दाबलं तर ती शेळीसारखी हलली. डिझेलच्या जीपला मी अंगाचा भार टाकला तरी तिला पत्ता लागायचा नाही. चालू केली तेव्हा चालू झाली का, असं मला विचारावं लागलं. मी पाण्याचं विचारलं. मिस्त्रीचं सगळं बोलणं त्याच्यासमोर मांडलं. त्याने ते खोडून काढलं नाही. पाण्यात गाडी बसते ती बहुतेक वेळा खालच्या पाण्याने नव्हे, पंख्याने उडवलेल्या पाण्याने, एवढं सांगितलं. ओढ्याच्या अलीकडे थांबायचं, पंख्याचा पट्टा सैल करायचा, डिस्ट्रिब्युटरवर सायकलच्या ट्यूबचं रबर बांधायचं, पहिल्या गिअरमध्ये न थांबता जायचं, पलीकडे गेल्यावर पट्टा पुन्हा ताणायचा. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. तुम्हाला एवढ्या पाण्यातून जायचंच कशाला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दूध आहे. दूध होतंच, पण तेवढंच नव्हतं, हे ह्यांना माहीत होतं आणि हे गाडीच्या टपाकडे बघत राहिले.

जीप विकली. पेट्रोलसाठी राहात्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, बॅरल कोपऱ्यात पडून राहिलं. लोक म्हणायला लागले, ही बाई दुधाला पेट्रोल पाजते. पुढच्या पावसाळ्यात मी ओढ्याच्या कडेला उतरले, पदर खोचला, पट्टा सैल केला, रबर बांधलं. गाडी पाण्यातून गेली. पलीकडे पंख्याचा पट्टा ताणला आणि रानाच्या पट्ट्यात शिरले. गाडी डुलली, एकदा मागची बाजू घसरली, पण मातीवर तरंगत गेली, रिकाम्या बैलगाडीसारखी. मी डांबरीला लागले तेव्हा माझे पाय कोरडे होते.

आणि कुणी बघायलाच आलं नाही. आवाजच नव्हता. दिरांच्या घरातून नेहमीसारखा धूर निघत होता, ते अंगणात दातण करत उभे होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. इतकी सगळी यातायात करून मी त्यांच्या पाठीमागून निघून गेले होते. आठवड्याने कधीतरी त्यांनी पट्ट्यातल्या चाकोऱ्या बघितल्या. बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते, हे मी गोठ्यातून पाहिलं. माझं पोट त्याने भरलं नाही. केंद्रावरचं ते वाक्य बाकी होतं आणि तो चहा बाकी होता. मी संधीची वाट बघत राहिले. पहिली गाडी घेतल्यापासून दोन पावसाळे गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, दिरांच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार असल्याचं कळलं. ती तोपर्यंत एसटीने श्रीरामपूरला जाऊन बारावी झाली होती. पाहुणे जामखेडकडचे, मोठं घर, मुलगा नोकरीला. दिरांनी आठवडाभर अंगण सारवून घेतलं. पण जामखेडकडची माणसं मुरमाड रानातली, पाऊस पडला की अर्ध्या तासात जमीन कोरडी बघणारी. काळ्या मातीचा त्यांना अंदाज नाही. त्यांनी डांबरी सोडून दिरांच्या घराकडच्या वाटेवर पांढरी मोटार घातली आणि ती दारांच्या खालच्या कडेपर्यंत रुतून बसली. दिरांचा ट्रॅक्टर नेमका श्रीरामपूरला खोलून ठेवलेला होता.

दीर आमच्या दारात आले. त्यांच्याच कपाशीतल्या चिखलात पाय टाकवत नव्हता म्हणून ओढ्यातून आले होते, धोतर मांडीपर्यंत ओलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या अंगणात उभे होते. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, पाव्हने गुतल्यात. तुमची गाडी पायजेल हुती."

हे लगेच चपला घालायला लागले. मी ह्यांच्या हातातून किल्ली घेतली. मी जाते, म्हटलं. दिरांना गाडीत बसा म्हटलं नाही, तेही बसले नाहीत. पाव्हण्यांना जागा लागंल म्हणाले आणि चालत मागे राहिले.

मी ओढा ओलांडला, पट्ट्यातून डांबरीला गेले आणि तिथून वळून दिरांच्या वाटेला लागले. मोटारीशेजारी पाहुणे पायजमे वर करून उभे होते. मुलाचे वडील पुढे माझ्या शेजारी बसले, मागे मुलगा आणि दोन बाया. वडील फेटा बांधलेले, साठीच्या घरातले, नजर तिखट. बाई गाडी चालवते याचं त्यांनी नवल केलं नाही, ते मला आवडलं. गाडी चिखलातून सुखाने चालली होती. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मी कोण, कुठली ते विचारलं, मी मुलीची चुलत काकू म्हणून सांगितलं आणि समोर बोट केलं. दिरांच्या घरामागे, कपाशीच्या पलीकडे, आमच्या वस्तीचे पत्रे दिसत होते.

"ताई, तुमची वस्ती तर ही समोर दिसती. मग तुमी तिकून डांबरीवरनं का आलात?"

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. लग्न ठरवताना सोयरिकीचे लोक आधी भाऊबंदांना विचारतात, घर कसं आहे म्हणून. भाऊबंदाच्या एका वाक्याने ठरलेली लग्नं मोडलेली मी बघितली आहेत. त्या माणसाने तो प्रश्न अजून विचारला नव्हता, पण तो आता येणार हे मला कळलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या गाडीत, माझ्या शेजारी येऊन बसलं होतं. काय बोलायचं ते मला शोधावं लागणार नव्हतं. माणूस डूख धरतो, शब्द मोडतो, बाईमाणसाची चारचौघांत इज्जत काढतो, असल्या घरची मुलगी करू नका. एवढं बोलले असते तर ते तिथूनच फिरले असते.

त्यांनी विचारलंच. "तुमी घरच्या. घर कसं हाय, खरं सांगा."

मला त्या दोन क्षणांत एवढंच सुचलं की लग्न मोडलं तर दीर एक दिवस जळतील, दुसऱ्या दिवशी दुसरं स्थळ बघतील, आणि गाव मला अवदसा म्हणेल. मला त्यांचा एक दिवस नको होता. ज्या हातांनी त्यांनी ती वाट नांगरली त्याच हातांनी ती पुन्हा दाबून सपाट केलेली मला बघायची होती.

मी म्हटलं, मुलीत काही खोट नाही, तिच्या आईतही नाही, घरात खायला-प्यायला भरपूर आहे. फक्त आमचा पिढीजात रस्ता त्यांनी नांगरला आणि तिथे कपाशी लावली, म्हणून आम्ही ओढ्यातून जातो. बाकी माझं काही म्हणणं नाही.

मागच्या बायांचं कुजबुजणं थांबलं. अंगणात गाडी लागली तेव्हा दीर धापा टाकत मागून पोचले. मुलगी आतल्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. पाहुण्यांवरून तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली, डोळे मोठे करून, ओठ घट्ट मिटून. मला वाटलं, बिचारी विनवते आहे, काकू, आमच्या घराचं वाईट बोलू नका. मी तिच्याकडे बघून मान हलवली, घाबरू नकोस म्हणून. आणि ओट्यावर बसून मी चहा मागून घेतला. त्या दिवशीच्या चहाला चव होती.

चार दिवसांनी निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण भावकीचा रस्ता अडवलेल्या घरात आमचं वऱ्हाड यायचं नाही. रस्ता मोकळा करा, मग तारीख धरू. दिरांनी उभी कपाशी उपटली. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला तसा त्यांनी तो तुकडा सपाट केला, मुरूम आणला, दगडी रूळ स्वतः ओढला. मी आमच्या टोकाला खाट टाकून पेरू निवडत बसले होते. काम आमच्या बांधाला येऊन भिडलं तेव्हा त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "झालं मनासारखं, वहिनी?"

मी म्हटलं, झालं. खोटं कशाला बोलू, मला पेढे वाटावेसे वाटले होते. ह्यांनी दावा मागे घेतला. संध्याकाळी मी पेट्रोलची गाडी काढली आणि विनाकारण त्या रस्त्याने डांबरीपर्यंत जाऊन आले, दिरांच्या दारावरून, अगदी हळू. केंद्रावरही दोनदा फॅट लावणं बंद झालं.

लग्न मार्गशीर्षातलं धरलं. सगळं गाव म्हणायला लागलं की भाऊबंदकी मिटली. मग मी मुलीला केळवण केलं. चुलतीकडचं केळवण म्हणजे मान, आणि तो मान मला माझ्या रस्त्याने, माझ्या गाडीतून द्यायचा होता. मी तिला आणायला गेले. पुरणपोळी केली, चोळीबांगडी केली, ओटी भरली. पोरगी जेवताना फार बोलली नाही. लग्नघरची मुलगी अशीच असते, असं मी धरून चालले. दिवस मावळायच्या आत तिला सोडायला निघाले. गाडीत आम्ही दोघीच होतो.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "काकू, त्या दिवशी गाडीत तुमी सासऱ्यांना काय सांगितलं, ते मला समजलं."

मला वाटलं आभार मानते आहे. मी म्हटलं, तुझं कशाला वाईट करू मी, तू काय केलंस.

ती समोरच बघत होती. "मला वाटलं हुतं, तुमी मोडाल."

मी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"माजा डी.एड.ला नंबर लागला हुता. दादा न्हाईच म्हनले. आई त्यांच्याम्होरं बोलत न्हाई. पाव्हने बघायला यायच्या दिवशी तुमी गाडीतनं उतरताना दिसल्या, तवा मला वाटलं, आता सुटले. दादांवर तुमच्यावानी राग दुसऱ्या कुनाचा हाय? मी तुमच्याकडं बघत हुते, तुमी मान हलवली. मी समजले, मोडलं." तिने ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरला होता. "आन तुमी रस्ता मागितला."

मला हे खरंच माहीत नव्हतं, आणि मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

"चला काकू," ती म्हणाली. "आई वाट बघत आसंल."

मी गिअर टाकला. रस्ता इतका चांगला झाला होता की तिचं घर लगेच आलं.